कुसुमवहिनींचे उपास

कुसुमवहिनी नाचताना डोळे मिटून घ्यायच्या. यवतमाळात आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात संध्याकाळी झुंबाचा क्लास भरतो. आम्ही बाकीच्या बायका शिकवणाऱ्या पोरीच्या पायांकडे बघत चुकतमाकत हातपाय हलवतो. वहिनींचा मात्र डोळे मिटूनही ठेका चुकत नसे. पन्नाशीची, भरल्या अंगाची ही बाई ओढणी कमरेला खोचून अशी घुमायची की आम्ही नाचायचं सोडून बघत राहायचो.

त्या माझ्या शेजारीण. क्लासला त्यांना धाडलं होतं त्यांच्या नवऱ्याने, आणि तेही काही कौतुकाने नाही. मुलाचं लग्न ठरलं होतं, आणि असली पिंपासारखी बायको व्याह्यांसमोर बरी दिसणार नाही, असं भाऊसाहेब चारचौघांत हसत सांगायचे. दर रविवारी बायकोला वजनकाट्यावर उभं करायचे. वजन हललं नाही तर क्लास बंद, असा हुकूम होता. वहिनींना वजनाचं काही पडलं नव्हतं. "लगन झाल्यापासून पयल्यांदा नाचाले भेटून राह्यलं मले," त्या म्हणाल्या, "हे बंद नाही झालं पाहिजे."

कॅलरी आमच्या डोक्यात शिरत नाही म्हणून शिकवणारी पोरगी पोळ्यांत हिशेब सांगायची. आज दोन पोळ्या जळाल्या, ताई. आम्ही टाळ्या वाजवायचो. वहिनींनी त्यातून भलताच अर्थ काढला: नाचून जाळायची ती पोळी आधीच खाल्ली नाही, तर फायदा दुप्पट.

घरात बाईने जेवण टाकलं तर दहा प्रश्न होतात, उपास धरला तर एकही नाही. वहिनींनी आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. साबुदाण्यालाही हात लावायच्या नाहीत, नुसता चहा. सुनेला देवाची ओढ लागली म्हणून सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या. कुठला देव अन् कुठलं काय. त्या घरात एकालाही वहिनींचा उतरलेला चेहरा दिसला नाही, याची मला आजही चीड येते. मी रागावले, तर म्हणाल्या, "उपाशी नाचता येते, बाई. नाचल्याबिगर आता जेवण जात नाही मले."

वजन उतरलं. गळ्याची हाडं वर आली, जिना चढताना त्या कठडा धरू लागल्या. एका रविवारी मी विरजण मागायला गेले, तेव्हा वहिनी काट्यावरच उभ्या होत्या. भाऊसाहेबांनी वाकून आकडा पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, "झालं ना कमी? मंग आता कायले जातं क्लासले? उद्यापासून बंद."

वहिनी काट्यावरून उतरल्या. आत जाऊन वाटीत विरजण घेतलं आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या. वाटी माझ्या हातात दिली.

"नाही झालं कमी तं बंद, झालं कमी तरी बंद," त्या हळूच म्हणाल्या. "मंग मी उपाशी कायले राह्यली वो?"