दर शनिवारी, फ्रेंचमधून

मुंबईच्या विमानतळावर माझ्या बॅगेचं वजन जास्त भरलं. बाबांनी तिथेच ती उघडली आणि ते माझी फ्रेंच पुस्तकं बाहेर काढायला लागले. "अगं, दहावीला स्कोअरिंग म्हणून घेतलं होतंस फ्रेंच, जन्मभर संसार करायला नव्हे!" आईने लोणच्याची बरणी आणि भाजणीचा डबा बाहेर ठेवला आणि पुस्तकं पुन्हा आत कोंबली. तोपर्यंत मी नेटाने हसत होते, तिथे मात्र रडू फुटलं.

तिकडे राहिलेल्यांना आणि इकडे आलेल्यांना, सगळ्यांनाच कोडं पडलं होतं की ही ऑस्ट्रेलियात फ्रेंचचं करणार काय! कोडं मलाही होतं. नवरा आयटीतला, सकाळीच गाडी काढून स्टेशन गाठायचा. मी पॉइंट कुक या उपनगरातल्या आमच्या नव्याकोऱ्या घरात बसून फ्रेंचमध्ये कादंबरी लिहायचे, पण वाचून दाखवायला कुणी म्हणजे कुणी नव्हतं. ते एकटेपण मला खात होतं.

मग कम्युनिटी रेडिओवरच्या शनिवारच्या फ्रेंच कार्यक्रमात निवेदकाची जागा रिकामी झाली आणि मी हट्टाने अर्ज केला. मॅनेजरबाईंनी स्पष्टच सांगितलं, एक शनिवार करून बघ, ऐकणाऱ्यांना रुचलं तर स्लॉट तुझा. त्यांना जन्माने फ्रेंच असलेलं माणूस हवं होतं, हे न सांगताही कळत होतं.

दुपारची वेळ. गाण्याच्या फर्माइशीसाठी पहिला फोन आला, मूळच्या मॉरिशसच्या, फ्रेंच बोलणाऱ्या एका आजींचा. दारात आलेल्याला विचारतो तसं मी सवयीने विचारून बसले, "जेवलात का?" अर्थात फ्रेंचमध्ये, आणि लाइव्ह! अनोळखी माणसाला असलं काही फ्रेंच लोक विचारत नाहीत. काचेपलीकडे मॅनेजरबाईंच्या भुवया वर गेल्या. म्हटलं, संपलं.

आजी म्हणाल्या, "नाही गं. नवरा गेल्यापासून एकटीसाठी रांधावंसंच वाटत नाही."

मी लिहून आणलेला कागद बाजूला सारला. आम्ही डाळ कशी करायची यावर बोलत बसलो. मग फोनवर फोन! कुणी काय रांधलं, कुणी कुणाला जेवायला बोलवलं, कुणी त्या आजींचा पत्ता मागतंय. मॅनेजरबाईंनी काचेतूनच अंगठा दाखवला. स्लॉट माझा झाला!

पुढे मी त्याच स्लॉटमध्ये माझ्या कादंबरीची प्रकरणं वाचू लागले. कंटाळा आला की ऐकणारे बेधडक फोन करून सांगायचे. मीही कात्री चालवायचे. अशी घडलेली कादंबरी पॅरिसच्या प्रकाशकाने उचलली, तिच्यामागून दुसरीही.

परवा इथल्या लायब्ररीत तिसरीचं प्रकाशन झालं. हॉल तुडुंब भरला होता. एका फ्रेंच गृहस्थांनी उठून विचारलं, "मादाम, तुमचं घर नक्की कुठलं?" पूर्वी मी पुण्यापासून सुरू करून व्हिसापर्यंत सगळं पुराण लावलं असतं. त्या दिवशी खुर्च्यांवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या शनिवारच्या माणसांकडे बघितलं आणि म्हटलं, "हे काय, समोर बसलंय."