निळ्या पेन्सिलीची बाजू

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बत्तीस वर्षं खिडकीशी बसला, पण ती खिडकी गाडीची नव्हती, तिकिटांची होती. स्टेशनाबाहेरच्या रिझर्वेशन ऑफिसातली तीन नंबरची खिडकी. आत एक फिरती खुर्ची, खुर्चीवर बायकोने शिवून दिलेली उशी, आणि उशीवर हा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, मेहुण्याचा मान ठेवावा लागतो; पण लिहिताना कोण बघतंय, म्हणून इथे एकेरीच.

घरात त्याला सगळे साहेब म्हणतात. ही पदवी रेल्वेने नाही दिली, रांगेने दिली. काचेच्या अर्धगोल भोकापाशी वाकून 'साहेब, जरा बघा ना' म्हणणारी माणसं रोज शे-दोनशे भेटली की कुणाच्याही अंगावर मूठभर मांस चढतं. याच्या अंगावर टोपलीभर चढलं. जेवणाच्या सुट्टीची पाटी तो पाच मिनिटं आधी लावायचा आणि तिथेच काचेमागे डबा उघडायचा. मी एकदा विचारलं, "आत जेवायची खोली आहे ना?" तर म्हणाला, "दादा, आत जेवलो तर त्यांना कळणार कसं, साहेब जेवताहेत म्हणून?" आणि हे सांगताना त्याला जराही हसू आलं नाही. मला मात्र घरी येईपर्यंत आवरलं नाही.

आता गाडीचं सांगतो. आमच्या स्टेशनावरून सकाळी सातला एक गाडी सुटते. चार तास सपाट माळ, मग एक जंक्शन, मग डोंगर. डोंगरातली वाट दीड तासाची. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला दरी. त्यातच एक पूल असा वळतो की खिडकीतून आपल्याच गाडीची शेपटी दिसते, खाली नदी आणि समोरच्या कड्यावरून पडणारं पाणी. सगळा मामला चार मिनिटांचा, पण लोक त्यासाठी लांबून यायचे. आणि त्या गाडीतल्या जागा वाटायच्या या साहेबाने.

त्याच्या टेबलाच्या काचेखाली डब्याचा नकाशा होता, आधीच्या क्लार्कने काढलेला. एका बाजूच्या खिडक्या निळ्या पेन्सिलीने रंगवलेल्या, म्हणजे दरी. दुसऱ्या बाजूच्या तांबड्या, म्हणजे भिंत. एवढ्याशा कागदावर या माणसाने बत्तीस वर्षं राज्य केलं. जो लवून बोलला, ज्याने मुलाबाळांची चौकशी केली, त्याला निळी. ज्याने घड्याळाकडे बघितलं, नोट चुरगळून सरकवली किंवा नुसतं खाकरलं, त्याला तांबडी. संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता सांगायचा, "आज एका वकिलाला सहकुटुंब भिंत दाखवली."

एकदा एक शाळामास्तर सुट्टीवरून आल्यावर मुद्दाम खिडकीवर गेले. म्हणाले, "साहेब, तुम्ही दरीची जागा म्हणालात, आम्हाला तर सगळा वेळ खडकच दिसला." साहेबाने चष्म्याच्या वरून बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही उलटे बसला असाल." मास्तर बिचारे सभ्य गृहस्थ. माफी मागून गेले. मेहुणा हा किस्सा दर लग्नकार्यात सांगायचा, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसायचो.

माझी बहीण या माणसाच्या संसारात एकतीस वर्षं एकच गोष्ट मागत आली: तो पूल एकदा बघायचा. दरसाल फुकट पास मिळायचा. दरसाल ती विचारायची आणि दरसाल हा म्हणायचा, "मी गेलो तर लोकांना पाठवणार कोण?" जसं काही गाडी हाच ओढत होता. मग पास जायचा कुठल्यातरी चुलत भावाच्या साखरपुड्याला, सपाटीच्या लाइनवर.

यंदा वर्तमानपत्रात आलं की डोंगरातला नवा बोगदा तयार झाला, दोन महिन्यांनंतर गाडी पुलावरून जाणारच नाही. साहेब त्याआधीच, या महिनाअखेरीस निवृत्त व्हायचा होता. बहिणीने लग्नानंतर पहिल्यांदा आवाज चढवला. "आता नाही तर मग काय, कॅलेंडरवर बघू?" आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन तिने लांबचं बघायचा नवा चष्मा करून घेतला. चष्मा झाला म्हटल्यावर साहेबाचा इलाज संपला.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याने चार तिकिटं काढली, स्वतःच्या हाताने. दोन स्वतःची नि बहिणीची, निळी. दोन माझी नि माझ्या बायकोची, तांबडी. तिकिटं देताना म्हणाला, "दादा, तुमच्या वाट्याला भिंत आली. काय करणार, गाडी भरलेली."

गाडी कसली भरलेली. मी एकदा त्याच्या खिडकीवर रांगेत उभा राहून सगळ्यांसमोर "काय मेहुणे, झोप झाली का?" म्हटलं होतं, त्याचं हे उट्टं. मी तिकिटं खिशात घातली आणि हसलो. सत्तरी उलटलेल्या माणसाला भिंत काय नि दरी काय.

डब्यात मधून वाट, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना खिडकीशी समोरासमोर दोन-दोन खुर्च्या. आम्ही नवराबायको वाटेच्या अलीकडे, ते दोघं पलीकडे. साहेबाने इंजिनाकडे तोंड असलेली खुर्ची धरली आणि बहिणीला उलट्या तोंडाची दिली. "मला उलटं बसलं की मळमळतं," म्हणाला. नाकाने कांदे सोलणारी माणसं पोटाने भारी नाजूक असतात, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

चार तास त्याचं व्याख्यान चालू होतं. कुठला रूळ कधी टाकला, कुठल्या डब्याला किती चाकं, सगळं पाठ. बहीण पाव नि उकडलेली अंडी पुढे करायची, तो खात बोलायचा. खिडकीबाहेर गवताखेरीज काही नव्हतं. माझी बायको हळूच म्हणाली, "भाऊजींना म्हणावं, घास तरी गिळा."

जंक्शन आलं. गाडी वीस मिनिटं थांबणार होती. बाहेर धाडकन आवाज झाला, डबा हलला, आणि थोड्या वेळाने आमचं इंजिन एकटंच शेजारच्या रुळावरून मागच्या दिशेने निघून गेलं. मी डोकं बाहेर काढून बघत राहिलो. ते गेलं आणि गाडीच्या शेपटीला जाऊन लागलं.

"साहेब, इंजिन मागे का हो गेलं?" मी विचारलं.

"पाणी भरायला," तो म्हणाला.

"डिझेलच्या इंजिनात पाणी?"

"दादा, रेल्वेतल्या गोष्टी रेल्वेवाल्यांवर सोडाव्यात."

खिडकीखाली चहावाला उभा होता. मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "इथे पुढे रूळच नाहीत, आजोबा. इथून गाडी उलटी निघते आणि फाट्यावरून डोंगरात शिरते. माझा बाप इथे चहा विकायचा तेव्हापासून असंच आहे."

"चहावाल्याला काय कळतंय," साहेब म्हणाला, पण खुर्चीत जरा सावरून बसला.

गाडी हलली, आणि खरंच उलटी निघाली. डबे कुणी फिरवले नव्हते, जायची दिशा तेवढी फिरली होती. मघाशी जी उजवी बाजू होती ती आता डावी झाली. माझ्या बायकोने सातवीचं तोंड बघितलेलं नाही, पण तिच्या ते लगेच ध्यानात आलं. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, म्हणजे दरी आपल्याकडे." नकाशा काढणाऱ्या क्लार्कला जंक्शन ठाऊक नव्हतं, आणि त्यावर बत्तीस वर्षं कोपर टेकून बसलेल्या याने एकदाही या गाडीत पाय ठेवला नव्हता. वकिलाने सहकुटुंब दरी बघितली होती. लवून लवून कंबर मोडलेल्यांनी भिंत बघितली होती. माझ्या पोटात ज्या गुदगुल्या व्हायला लागल्या, त्या काय सांगू.

पहिल्याच वळणावर साहेबाच्या खिडकीला काळा खडक चिकटला. ओला, शेवाळलेला, मधूनमधून चुन्याने लिहिलेले आकडे. हात बाहेर काढला असता तर बोटं खरचटली असती. आमच्याकडे जमीन खाली खाली गेली, झाडांचे शेंडे पायाशी आले, आणि पार तळाशी नदी चमकली. पलीकडच्या रांगेतली माणसं उठून आमच्या बाजूला वाकायला लागली. साहेब मात्र उलट्या तोंडाने खडक बघत बसला. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"अहो," बहीण म्हणाली, "दरी कधी यायची?"

"येईल. पुढे बाजू बदलते."

"शेजारच्या नर्सबाई आठवतात? पुलाचं त्यांनीच तर सांगितलं होतं मला, तासभर. त्यांना तुम्ही तांबडी दिली होतीत ना?"

"लोकांना फुशारक्या मारायला काय लागतं. ऐकून सांगितलं असेल."

तेवढ्यात टीसी आला, तरुण, हसऱ्या चेहऱ्याचा. साहेबाला हुरूप आला. त्याने आपली ओळख दिली, खिडकीचा नंबर सांगितला, आणि विचारलं, "दरीची बाजू ही निळीच ना? सांगा जरा आमच्या मंडळींना."

टीसी म्हणाला, "तीन नंबर म्हणजे तुम्हीच का? तुमच्याकडून आलेली माणसं आम्ही लांबून ओळखतो, साहेब. खडकाकडे तोंड करून दरीची वाट बघत असतात."

"तुम्ही कधी लागलात नोकरीला?"

"नऊ वर्षं झाली."

"मी बत्तीस वर्षं होतो."

"हो, पण खिडकीवर," टीसी म्हणाला, तिकिटांवर खूण केली आणि जाता जाता सगळ्यांना सांगून गेला, "पाच मिनिटांत पूल. या बाजूला या, आता परत दिसायचा नाही."

माझी बायको खिडकीची जागा सोडून उठली. "वन्सं, या इकडे. बसा माझ्या जागेवर."

बहीण उठायला लागली तसं साहेबाने तिच्या पदराचं टोक धरलं. जोराने नव्हे, दोन बोटांनी, तिकीट धरतात तसं. "बस. ही आपली जागा आहे. नंबर आहे तिकिटावर."

"अहो, पूल येतोय."

"मी सांगतो ना. पुलाच्या तोंडाशी लाइन फिरते. उठलीस तर हुकेल."

ती बसली. मला तिचा राग आला, आणि त्याचा तर इतका आला की मी माझी काठी शोधायला लागलो. एकतीस वर्षं या बाईने याच्या शब्दावर थंडी आहे म्हणून स्वेटर घातला आणि नाही म्हणून काढला. आता ती खडकाकडे बघत होती, नवा चष्मा लावून, आणि तिच्या काचांत ते चुन्याचे आकडे एकेक करून सरकत होते. डब्यात गलका वाढला. चाकांचा आवाज एकदम पोकळ झाला, गाडी पुलावर चढली. साहेबाच्या खिडकीतून खडक गेला, आणि त्या जागी लोखंडी जाळी नि रिकामं आभाळ आलं.

"बघ," तो म्हणाला, "फिरली ना लाइन?"

बहिणीने त्या आभाळाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. मग पदर सोडवला आणि दोन पावलांत आमच्याकडे आली.

पूल वळला. गाडीचे मागचे डबे कमानींवरून एकामागून एक येताना दिसले, खिडक्या-खिडक्यांतून माणसांचे हात. खाली नदी दोन फाट्यांनी एका मोठ्या दगडाला वळसा घालत होती, आणि समोरच्या कड्यावरून पाणी पडत होतं. निम्म्यापर्यंत ते पाणी, आणि पुढे वाऱ्याने नुसता धूर. बहीण काचेला नाक लावून उभी होती. बसायचंच विसरली. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेते, पण ती कमानी मोजत होती.

मध्येच मान वळवून म्हणाली, "अहो, या ना, बघा तरी."

दोन पावलांचं अंतर. कुणी त्याला हसलं नसतं. डब्यात कुणाचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. पण उठायचं म्हणजे तांबड्या बाजूला यायचं. साहेबाने हाताची घडी घातली आणि आभाळाकडे बघत राहिला, जसं काही तेच बघायला तिकीट काढलं होतं. मी माणसं पुष्कळ पाहिली. चूक लपवणारी, चुकीवर भांडणारी. चुकीपायी चार मिनिटं पाठ करून बसणारा हा एकच.

पूल संपला. पुन्हा खडक आला. बहीण आपल्या खुर्चीवर जाऊन बसली, गाल लाल, श्वास लागलेला, आणि त्याला सांगायला लागली. मन काय मोठं असतं बघा एकेकाचं. पाणी कसं पडतं, धूर कसा होतो, एका खिडकीतून एक म्हातारी रुमाल हलवत होती. "आणि अकरा कमानी आहेत," ती म्हणाली. "मी मोजल्या."

"तेरा," साहेब म्हणाला.

"मी मोजल्या ना आत्ता."

"तेरा आहेत. ऑफिसच्या पुस्तकात आहे. आणि नदी दोन फाट्यांनी वगैरे जात नाही, पाणी कमी असेल म्हणून तुला तसं वाटलं."

बहिणीने पिशवी उचलली, वाट ओलांडून आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, सरका जरा." त्या दोघी एका खुर्चीत कशाबशा मावल्या. दरी अजून संपली नव्हती. त्या म्हातारीच्या रुमालाचा रंग कोणता होता, तिथपासून तिने पुढचं सगळं सांगायला घेतलं, शेवटच्या स्टेशनापर्यंत, माझ्या बायकोला.