मल्लिनाथच्या नंबरावरचं पाणी

महादेवी जळकोटच्या अंगणवाडीत मदतनीस. नवरा मल्लिनाथ जाऊन वर्ष झालं, पण त्याच्या नावाचं पाण्याचं कार्ड तिनं कनवटीला जपलं होतं. गावातल्या फिल्टरच्या मशीनला कार्ड लावलं की जार भरायचा. रोख पैसे ते मशीन घेतच नव्हतं.

लेक गायत्री सातव्या महिन्यात माहेरी आली ती पाय सुजवूनच. बीपी वाढलेलं. डॉक्टरांनी बजावलं, बोअरचं खारट पाणी हिला घोटभरही देऊ नका.

आणि मंगळवारी कार्ड लावल्यावर मशीनवर लाल दिवा लागला.

मशीन सांभाळणारा शिवराज म्हणाला, "काकू, ठेकेदार बदललाय. काकांच्या मोबाइलवर चार आकडे येतील, तेवढे सांगा, मग जुनं कार्ड चालू हुतंय."

"तुजे काका कुठं राहिलेत रे आता?"

"मग नवं कार्ड घ्या. पर ते पुढल्या महिन्यात येणारंय."

दोन दिवस शेजारणींनी आपल्यातलं पाणी दिलं. मग कार्डामागं दिवसाला एकच जार, असं ठरलं, आणि जो तो नजर चुकवू लागला. शेवटी महादेवीनं शिवराजच्या फोनवरून मल्लिनाथचा नंबर लावायला सांगितला.

रिंग वाजली.

पलीकडून कुणी अनोळखी माणूस कानडीत बोलला. बंद पडलेला नंबर आता त्याला मिळाला होता. महादेवीचं माहेर सीमेपलीकडचं, तिनं कानडीतच हात जोडून विनवलं, "अण्णा, हा माझ्या मालकाचा नंबर होता. आत्ता चार आकडे येतील, तेवढे सांगा. लेक गरवार हाय माजी."

"आकडे विचारणारे सगळे असंच रडतात," म्हणून त्यानं फोन ठेवला. दुसऱ्यांदा लावला तर शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा लागलाच नाही.

"तूच सोड की रं नळ," ती शिवराजच्या पाया पडायला वाकली. तो मागं सरला.

"कार्डाबिगर नळ सुटतच न्हाय, काकू. माज्या हातात काय न्हाय."

रांगेतून आवाज आला, "बाई, बाजूला व्हा. ऊन लई झालं."

घरी येऊन तिनं बोअरचं पाणी उकळलं, दोनदा गाळलं. उकळून खार जात नाही, हे तिला ठाऊक होतं.

"आई, झालं का कार्ड चालू?"

"व्हय."

गायत्रीनं घोट घेतला. क्षणभर आईकडं बघितलं. सुजल्या बोटांनी तांब्या धरला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.