गिझरचं बटण

घरातली एखादी वस्तू बिघडली आणि लगेच दुरुस्त झाली, तर तिचा किस्सा होत नाही. बिघडलेलीच राहिली, की येणारा-जाणारा तिला हात लावून बघतो आणि जाताना एक किस्सा ठेवून जातो. आमच्या मिठबावच्या घरातल्या गिझरच्या बटणाचे असे पुष्कळ साठलेत. संध्याकाळी शेजारच्या शालूकाकींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, चार जणी बसलो, की कोणीतरी विचारतंच, "काय गो, बटान काय म्हणता?" मग मी सांगते.

बटण बाथरूमच्या बाहेर, बोळात आहे. गिझर आणि शॉवर ह्यांनी स्वतः बसवले, मुलीच्या हट्टापायी. स्वतः मात्र कायम बादलीनं अंघोळ केली. मी आत जाऊन थोडा वेळ झाला की बाहेर खट्‌कन आवाज यायचा. बटण बंद! वर ह्यांचा प्रश्न, "पाणी तापला मा? मग बटान कित्याक चालू?" गिझर आल्यापासून माझ्या केसांतला शाम्पू गार पाण्यानंच धुतला गेलाय.

गेल्या पावसाळ्यात हे गेले. त्यानंतर एका सकाळी शॉवरखाली उभी असताना सहज मनात आलं, आता शेवटपर्यंत गरम पाणी. तेवढ्यात पाणी गार झालं.

टॉवेल गुंडाळून बाहेर आले. बटण बंद होतं. घरात मी एकटीच होते.

*

आमचा वायरमन दाजी. त्याला वायरिंग ह्यांनीच शिकवलेलं. आला तो थेट बाहेरच्या खोलीत गेला. तिथे दारावर फ्यूज आहे आणि शेजारच्या खुंटीवर ह्यांचा शर्ट. शर्ट हलकेच बाजूला करून त्यानं फ्यूज काढला आणि आपल्या खिशात टाकला.

"दादांची शिकवण," तो म्हणाला. "फ्यूज आपल्या खिशात असलो की चुकान दुसरो कोण लावचो नाय."

बटण उघडून बघितलं तर आतलं पितळ हिरवं पडलेलं. "खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान हेका." नवीन बटण बसवलं. जाता जाता म्हणाला की गिझरचा कट-ऑफही गेलाय, पाणी उकळलं तरी गिझर आपला आपण थांबायचा नाही, तेव्हा बटण आठवणीनं बंद करा. पार्ट मागवतो म्हणाला. तो पार्ट अजून वाटेत आहे!

नवीन बटणही दोन दिवसांनी अंघोळीच्या मध्येच बंद झालं. मग त्यानं तळेऱ्याहून भारीतलं आणलं. तेही बंद झालं. मग एसीचं जाडजूड बटण आणून बसवलं, जे दाबायला मला अंगठा कमी पडायचा. तेही तसंच. दाजीनं पकड पिशवीत टाकली.

"वैनी, आता बटान बदलून भागाचा नाय," शेवटी म्हणाला. "तुमीच वायच घाई करून न्हावा."

*

शालूकाकींना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, तू अंघोळ कर, मी बटणासमोर बसते, बघूया कोण येतो तो. सुपात कुळीथ घेऊन त्या बोळात स्टुलावर बसल्या. मी आत गेले. डोक्याला शाम्पू लावला, आणि पाणी गार!

मी आतूनच ओरडून विचारलं, कोण होतं?

"अगो, मियाच बंद केलंय," काकी शांतपणे म्हणाल्या. "तूच मा सांगलंस, बंद कर म्हणान?"

मी तोंड मिटून शॉवरखाली उभी होते. एक शब्द बोलले नव्हते.

बाहेर आल्यावर विचारलं, आवाज कसा होता? काकींनी कुळथातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"पाण्याच्या आवाजात नीट कळाक नाय. पण रागान नव्हतो हां. घरातला माणूस सांगता तसो."

*

ही गोष्ट मी हसत हसत मुलीला, नेहाला, फोनवर सांगितली. ती हसली नाही. ठाण्याहून शनिवारी सकाळी हजर. तिनं बटण चालू केलं, त्यावर काळी टेप आडवी-उभी घट्ट चिकटवली आणि अंघोळीला गेली. मी तेव्हा काकींकडे नारळ सोलत होते.

परत आले तर नेहा ओल्या केसांनी बोळात उभी. बटण बंद. टेप एका पेन्सिलीच्या तुकड्यावर व्यवस्थित गुंडाळून खिडकीत ठेवलेली. वापरलेली टेप हे कधी टाकायचे नाहीत. अशीच गुंडाळून ठेवायचे.

"आई, तू केलंस ना हे?"

मी नाही म्हटलं. ती माझ्याकडे नीट बघत राहिली. तिला बटणाची भीती वाटत नव्हती, माझी वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

जाताना तिनं सांगून टाकलं. दिवाळीपर्यंत हे थांबलं नाही तर घराला कुलूप लावायचं आणि ठाण्याला यायचं. खुंटीवरचा शर्टही काढून ठेव म्हणाली. बघू, म्हटलं.

*

आता मात्र मी घाबरले. बटणाला नव्हे, कुलपाला. दाजीला सांगितलं तर म्हणाला, येकच उपाय आसा. गाऱ्हाणा घालूचा.

बटणाखाली स्टुलावर नारळ ठेवला. दाजी हात जोडून उभा राहिला. मागे मी आणि शालूकाकी, होकार द्यायला.

"बा देवा म्हाराजा! ह्या घराचो मालक गेलो, पण तेची काळजी सुटाक नाय. आज तेका सांगणा आसा. दादानू, ह्या बटणाक आता हात लावू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाल्या. माझा आवाज निघाला नाही. काकींनी मला कोपर मारलं.

"वैनीक सुखान न्हाऊंदे, आपल्या घरात रवांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून पाणी शेवटपर्यंत गरम. दिवाळीला नेहा आली, तासभर शॉवरखाली राहिली आणि प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर आली. राहा म्हणाली, पण काळजी घे. सगळं मनासारखं झालं. मी मात्र कितीतरी दिवस शाम्पू लावून खट्‌कन आवाजाची वाट बघत उभी राहायची.

*

मग परवा शालूकाकींच्या नातीचं बारसं होतं, तळेऱ्याला. आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं गेलो. पाळण्याची दोरी हातात आली आणि मला आठवलं. गिझर चालूच राहिला होता.

घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. दाजीला फोन केला तर तो कामाला इन्सुलीला. गिझर आपला आपण थांबायचा नाही, हे त्याचंच वाक्य. जेवण सोडून आम्ही निघालो.

दुपारी पोचलो. कुलूप जसंच्या तसं. काकी खळ्यातच थांबल्या. मी बोळात गेले. बटण खाली, चालू. पण त्याचा लाल दिवा विझलेला. गिझरला हात लावला तर गार. पंख्याचं बटण दाबलं, पंखा फिरेना.

बाहेरच्या खोलीत येऊन दारावर बघितलं. फ्यूजची जागा रिकामी होती.

खुंटीवरच्या शर्टाचा खिसा ओघळला होता. त्यात हात घातला. फ्यूज होता.

तेवढ्यात नेहाचा फोन. काकींच्या सुनेनं तिला कळवलं होतं. घाबऱ्याघुबऱ्या आवाजात तिनं विचारलं, "आई, बटण बंद झालं का गं परत?"

"नाही गं," मी म्हटलं. "बटणाला कोणी हात लावला नाही."