बर्फातला हात

आईच्या डाव्या मनगटात शीर आणि धमनी जोडून बारा दिवस झाले होते. पनवेलच्या मासळी बाजारात चाळीस वर्षं बोंबील-पापलेट विकणारी ही बाई किडन्या गेल्यामुळे डायलिसिसवर आली होती. जोडलेली शीर सुया घेण्याइतकी जाड होईपर्यंत रक्त मानेतल्या नळीतून काढायचे, आणि त्या नळीच्या तापानं ती एकदा मरता मरता वाचली होती. उजव्या हाताच्या शिरा सुया टोचून टोचून संपलेल्या. हे मनगट फसलं की नळीच कायमची.

डॉक्टरांनी मला एकच काम दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ टाक्यांच्या वर बोटं ठेवायची. आत घुरघुर लागली म्हणजे रक्त वाहतंय.

त्या संध्याकाळी बेलापूरच्या ऑफिसातून आले, बघते तर आईचा हात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या चुऱ्यात! टाके भिजवायचे नाहीत एवढं बरं लक्षात होतं. हात सुजला म्हणून तिनं बाजारातून बर्फ मागवला होता. माल फुगायला लागला की वर बर्फ घालायचा, हे तिच्या हाडात मुरलेलं.

मी जे तोंड सोडलं ते शेजारीण दारात येईपर्यंत. अक्कल काढली, हट्ट काढला, काय काय काढलं. मग पिशवी सोडून बोटं ठेवली. काही लागेना. जागा बदलली, तरी नाही.

तशीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर चिडले नाहीत, त्यानं मी जास्तच घाबरले. हात गरम कपड्यात गुंडाळत ते म्हणाले की एवढी सूज यायचीच. जोड दिला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावतात, शिरेची जुनी पातळ भिंत मोडतात, नवी जाड बांधतात. तेव्हा कुठे ती शीर सुईचा मारा सोसते. त्या पेशी जास्त चेकाळल्या तर मात्र भिंत आतून वाढवून वाट बुजवतात. आणि बर्फानं शीर आखडते, रक्त थबकलं की गुठळी. गुठळी किती जुनी त्यावर पुढचं सगळं.

"घुरघुर शेवटची कधी लागली होती?" त्यांनी मला विचारलं.

माझ्याआधी आईच बोलली.

"सकाली व्हती. माजी पोर रोज बगते."

दोन दिवस मी बोट लावलं नव्हतं. सकाळची बस चुकेल म्हणून, आणि रात्री दमले म्हणून. आईला ते पक्कं ठाऊक होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"खोटं आहे ते," मी म्हणाले. "परवापासून बघितलंच नाही मी."

डॉक्टरांनी मान हलवली आणि मनगटावर रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राची कांडी टेकवली. नुसती खरखर. कांडी वर सरकली, पुन्हा खाली आली. आई छताकडे बघत होती. हात गरम होत गेला तसा खरखरीच्या आतून एक आवाज आला, बारीक, थांबत थांबत, मग सलग. गुठळी नव्हती. शीर नुसती आखडली होती. मी तिथंच स्टुलावर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मी पर्स खांद्याला लावली तर आई दारात आडवी उभी. डावा हात पुढे केलेला.

"बग, मंग जा."

मी बोटं ठेवली. माझी बस गेली.