चादरीवरचे दोन सप्तर्षी

सोलापुरातून ध्रुवतारा फार खाली दिसतो. पत्र्याची घरं आणि गिरणीचं धुराडं यांच्या मागे तो कुठेतरी लपलेला असतो, आणि वर्षातले काही महिने संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाच्या वर येतच नाहीत. तेव्हा उत्तर दिशा शोधायची ती ध्रुवाच्या दुसऱ्या बाजूच्या शर्मिष्ठा या तारकासमूहावरून. एवढी एक गोष्ट नववीच्या मुलांना शिकवण्यासाठी मी त्या वर्षी जिवाचं रान केलं. विज्ञानाची आवड वगैरे होतीच, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. सासर सोडून, चार वर्षांच्या मुलीला घेऊन मी विणकरांच्या वस्तीत, पूर्व भागात एका खोलीत राहत होते. शाळेत मी तात्पुरती. हेडसरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘तपासणीचे साहेब तुमचा एक पाठ बघतील. त्यांनी मान डोलावली तर कायम, नाहीतर जूनमध्ये दुसऱ्या बाई.’ दुसऱ्या बाई आल्या की मी करमाळ्याला, भावाच्या घरी. तिथे वहिनीने दिवाळीतच ऐकवलं होतं, ‘या की, पण पोरीचं दूध आमच्या म्हशीवर धरू नका.’

पुस्तकात आकाशाचं एकच चित्र, तेही छापताना शाई फुटलेलं. संध्याकाळी मुलांना मैदानावर बोलवावं तर मुलींना घरून परवानगी नाही आणि मुलगे घरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसलेले. मग मी काळ्या छत्रीच्या आत खडूने तारे काढले, मधल्या दांडीशी ध्रुव, आणि छत्री फिरवत वर्गभर हिंडले. मुलांना ती फार आवडली. मधल्या सुट्टीत ती छत्री डोक्यावर घेऊन एकेक जण ‘आता चैत्र, आता भादवा’ करत गोल फिरायचा, आणि सप्तर्षी खाली गेले की शर्मिष्ठा वर येते हे त्यांना तोंडपाठ झालं. पण हेडसरांनी छत्री बघून नाक मुरडलं. म्हणाले, ‘साहेबांपुढे हे असलं डोंबाऱ्याचं काही चालायचं नाही.’ वनस्पती तुपाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून आत मेणबत्ती लावली, तर वर्गात अंधार होईना. खिडक्यांना पोती बांधली. डबा तापला, माझी बोटं भाजली आणि भिंतीवर एक तारा उमटला नाही.

तेव्हा मला चादर सुचली. वर्गातल्या एका मुलीचे वडील चादरी विणत. ते घरी तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी, आणि आनंदात असले की दोन्ही. मी त्यांना आलेखाच्या कागदावर आकाश काढून दिलं. मधोमध ध्रुव, उजवीकडे सप्तर्षी, डावीकडे शर्मिष्ठा. निळ्या जमिनीवर पांढरे तारे. कागद डोळ्यांजवळ धरून ते म्हणाले, ‘करू की बाई. पोरीच्या शाळेचं काम हाय.’ त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी नीट झोपले.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी ते चादर घेऊन आले. नवीन सुताचा वास येत होता. त्यांनी ती माझ्या खाटेवर पसरली. उजवीकडे सप्तर्षी होते. डावीकडेही सप्तर्षीच होते, आरशात बघावेत तसे उलटे. शर्मिष्ठा बिचारी आकाशातून हद्दपार झाली होती. आणि जिथे जिथे मी काळोख सोडला होता तिथे तिथे टपोऱ्या चांदण्यांची नक्षी.

‘अहो, हे काय झालं?’

ते मनापासून हसत होते. ‘आमी अर्धाच कागद घेतो बाई. उरलेला अर्धा मागच उलटा करून विणतो. चादर दोन्हीकडून सारकी नको का? आन मदी लई रिकामं होतं. रिकामी जमीन बरी दिसत न्हाय की.’

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी मोर विणला तर दोन विणले, एकमेकांकडे तोंड करून, आणि त्या दोन मोरांवर अख्खं सोलापूर झोपलं. शर्मिष्ठेसाठी त्यांनी मागाची बांधणी का बदलावी? मी ‘फार छान’ म्हणाले. ते गेल्यावर चादर तोंडावर घेऊन रडले. मुलगी विचारत होती, ‘आई, थंडी वाजते का?’

सकाळपर्यंत मी मनाशी ठरवलं होतं. चादर मधोमध दुमडायची, अर्धीच टांगायची, शर्मिष्ठा खडूने फळ्यावर. पण हेडसरांनी चादर बघितली आणि ते हरखलेच. ‘दुमडता काय बाई? साहेबांना आपल्या गावची कला दिसू द्या.’ मी चूक सांगायला तोंड उघडलं, पण साहेबांची जीप आली होती आणि हेडसर तिकडे धावले होते. शिपायाने फळाभर चादर ठोकली. विणकरदादांनाही हेडसरांनी मुद्दाम बोलावलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून ते व्हरांड्यात उभे होते.

तरी मी हिंमत सोडली नव्हती. मुलांनाच विचारायचं, चादरीत काय चुकलंय ते शोधा. छत्री फिरवलेली मुलं पटकन सांगतील. मी खडू घेऊन पुढे झाले, तर साहेब खुर्चीतून उठले. चादरीकडे बघून त्यांच्या मिशीत हसू आलं होतं.

‘बाई, तुम्ही थांबा. मीच विचारतो.’ त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बोट केलं. ती विणकरदादांची मुलगी होती. ‘सांग, आकाशात सप्तर्षींचे समूह किती?’

तिने चादरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘दोन, साहेब.’

‘तू?’

‘दोन.’

‘तू रे मागचा?’

‘दोन, साहेब.’

बाक संपेपर्यंत दोनच. एकही मूल अडखळलं नाही. साहेब माझ्याकडे वळले. ‘काय बाई, किती?’

‘एक,’ मी जवळ जाऊन त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाले. ‘चादर चुकली आहे, साहेब. मुलांना खरं माहीत आहे.’

‘ते दिसलंच,’ ते म्हणाले आणि बाहेर पडले. दाराबाहेर हेडसरांना बाजूला घेऊन ते काहीतरी बोलले. जूनपासून दुसऱ्या बाई बघा, हे मुलांच्या गलक्यात दाराशी खडू धरून उभ्या असलेल्या मला एकटीलाच ऐकू आलं.

वर्ग सुटला. विणकरदादा चादर कशी दिसते ते लांबून डोळे भरून बघत होते. त्यांची मुलगी दप्तर घेऊन माझ्याजवळ आली. मला वाटत होतं, बापाचं विणकाम चुकलं असं चारचौघांत तिला म्हणवलं नसेल. मी तिच्यावर चिडलेही होते.

‘तुला माहीत होतं ना गं, सप्तर्षी एकच?’

‘व्हय बाई. समद्यांला म्हाईत हाय.’

‘मग?’

‘काल हेडसर वर्गात म्हनले, बाईंची नोकरी उद्याच्या पाठावर हाय, बाईंला खोटं पाडू नका.’ ती हसली. ‘चादर तुमी लावलीती की. म्हनून समद्यांनी ठरवून एकच उत्तर दिलं, बाई. एकानं बी चुकवलं न्हाय. आता तुमी कायम झाला ना?’

मागे चार-पाच मुलं दारात थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती.

‘हो,’ मी म्हणाले. ‘झाले.’

त्यांनी टाळ्या वाजवल्या.