लाइसबेटबाईचा कडक रुमाल

हॉलंडातल्या आमच्या लायडन गावात लाइसबेटबाई दोन गोष्टींवरून ओळखू यायची : हेरिंग मासळीच्या वासावरून आणि डोक्यावरच्या रुमालावरून. हाताला कोपरापर्यंत खवले. पण रुमाल पांढराशुभ्र, गव्हाच्या चिकाची खळ घालून असा कडक केलेला, की टोकाने पाव कापावा. मी तिचा शेजारी; मधे नुसती फळीची भिंत.

नवरा योस्ट म्हणायचा, "वाऱ्याच्या दिवशी हिच्या कमरेला दोरी बांधतो. नाहीतर मासळीसकट पलीकडच्या डेल्फ्ट गावात जाऊन पडायची."

"मासळी विकते म्हणून डोकंही पाटीत ठेवू का, म्हाताऱ्या?" ही आतून.

मग स्पॅनिश फौजेने गावाला वेढा घातला. आधी पाव संपला, मग घोडे, मग मांजरं. योस्टने अंथरूण धरलं. त्याच्या पोटात पेजेशिवाय काही टिकेना, आणि गावात पेजेपुरताही दाणा नव्हता. पाण्यावाटे मदतीच्या नावा येणार अशी आवई रोज उठायची. नावा येईपर्यंत त्याला जगवायचं, एवढाच बाईचा ध्यास.

तिच्या पेटीत खळ घातलेल्या रुमालांची चळत होती. एकेक रुमाल ती भिजवून उकळू लागली. खळ सुटून पाण्याला थोडा दाटपणा यायचा, तीच पेज. दोरीवर रोज एक रुमाल लोळागोळा होऊन लोंबायचा.

समोरच्या घरातली आख्त ओरडली, "काय गं, ताठा उतरला वाटतं?"

"नवी तऱ्हा आहे. तुला नाही कळायची."

शेवटी राहिला तो डोक्यावरचा. नावा आल्या नव्हत्या. एका सकाळी तिने गाठ सोडली; फळीच्या फटीतून मला दिसलं. दिवसाउजेडी बायकोचं उघडं डोकं योस्ट प्रथमच पाहत होता. केस मूठभर उरले होते.

"अगं, हे काय?"

"उकडतंय. खा मुकाट्याने."

भिंतीपलीकडून मला घोट ऐकू आला. मग योस्ट म्हणाला, "घामाचा वास येतोय गं या पेजेला."

"मीठ कुठून आणू? तेवढंच मीठ."

तो हसला, खोकला, पुन्हा हसला. दोरीवरचे रुमाल त्याला खिडकीतून दिसत असणारच. अर्धी वाटी प्यायला आणि म्हणाला, "उरलेली तुझी. तू काही खाल्लेलं नाहीस."

"संध्याकाळी तुलाच देईन."

दुपारीच तो गेला.

रडण्याचा आवाज आला नाही. चमचा वाटीच्या तळाला खरवडल्याचा मात्र आला; बराच वेळ येत राहिला. मग ती माझ्या दारात आली. ओला रुमाल घट्ट बांधलेला, कडा डोळ्यांवर आलेल्या, पाणी मानेवरून ओघळत होतं.

"चल," ती म्हणाली. "पाय तू धर. डोक्याकडून मी उचलते."